मुरबाड रस्त्यावरची वाहनमोजणी

ती दुपार आठवली की आजही मला एका जागी बसवत नाही.

शहापूर-मुरबाड रस्त्यावर सरकारी वाहनमोजणी चालू होती. रस्त्यावरून किती ट्रक, किती टेम्पो, किती मोटारसायकली जातात, याची आकडेवारी वर पाठवायची असते. त्यासाठी ठेकेदाराने खर्डीची एक बाई कागद-पेन देऊन फाट्यावर बसवली होती. भाताची कापणी उरकून चार दिवसांच्या रोजगाराला आलेली. एका टेम्पोने तिला उडवलं आणि टेम्पो पळाला.

आमच्या पोलीस ठाण्याच्या अंमलदाराने अपघाताची नोंद घेतली. मी पंचनाम्याला गेलो. बाईची खुर्ची रस्त्यापासून चांगली आत, सागाखाली होती. चाकोऱ्या सरळ त्या सागाकडे गेल्या होत्या. ब्रेक दाबल्याची खूण कुठेच नव्हती. तिथूनच मनाची तगमग सुरू झाली. बाई बेशुद्ध होती, वाचेल की नाही हे डॉक्टर सांगत नव्हते, आणि बघ्यांचं एकच, "आमी मागून आलो."

शेवटी रस्त्याकडेला काकड्या विकणाऱ्या एका म्हातारीने मला खुणेने बाजूला बोलावलं.

"सायब, त्यो पयला पुडं गेलता. तिच्याकडं बघत बघत. मंग गाडी वळवून आला. माजं नाव नको घालू कुठं."

म्हणजे हा अपघात नव्हताच. मुरबाडपर्यंतची सगळी गॅरेजं आम्ही पालथी घातली. शेवटी मुरबाडच्या पुढे म्हसा गावाजवळ एका गॅरेजात टेम्पो मिळाला. पुढची काच फुटलेली, हौदा धुतलेला, तरी फळ्यांच्या फटीत खैराच्या लाकडाची लाल भुकटी. चालक तिथेच बसला होता, त्याला पोलीस ठाण्यात आणलं.

"ब्रेक फेल झाला सायब," एवढंच तो सांगे. अपघात केलेले चालक मी पुष्कळ पाहिलेत. ते वळणाबद्दल बोलतात, गाडीबद्दल बोलतात, घरच्या पोरांची आठवण काढतात. हा मात्र फिरून फिरून विचारायचा, "बाई शुद्धीवर आली का? काय बोलली का?"

मी चहा मागवला. "काय बोलेल असं वाटतं तुला?"

चहा अर्धा पिऊन तो म्हणाला, "गाडीचा नंबर. सगल्यांचा लिवीत होती ती. माज्या हौद्यात चोरीचा खैर होता. जंगलखात्यानंच बसवलेली ना तिला?"

"नंबर लिहीत नव्हती. टेम्पो गेला की टेम्पोच्या रकान्यात एक रेघ. कोणाचा, आत काय, काही नाही."

मी खोटं बोलतोय का, हे त्याने आधी माझ्या आणि मग शेजारी उभ्या हवालदाराच्या तोंडाकडे पाहून ताडलं. खरं आहे, अशी हवालदाराने मान हलवली.

"मंग मी मारली कशाला तिला?" असं त्याने मलाच विचारलं.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. मी पुन्हा म्हातारीच्या दारात गेलो. टेम्पोवाल्याचं कारण ऐकून या खेपेला ती जबाबाला तयार झाली, कोर्टातही उभी राहिली. त्याला शिक्षा झाली. बाई वाचली, पण एक पाय कायमचा आखडला.

गुन्ह्यामागे वैर असतं, हाव असते, हे नोकरीने शिकवलं होतं. निव्वळ गैरसमजही माणसाच्या जिवावर उठतो, हे या प्रकरणाने शिकवलं. पुढे माझ्या हद्दीत कसलीही मोजणी आली की काय लिहितात आणि काय नाही, हे मी आधी गावोगाव सांगायला लावलं. पण हे शहाणपण त्या बाईच्या उपयोगाचं नव्हतं. रुग्णालयात मी तिला टेम्पोवाल्याचं कारण सांगितलं, तेव्हा ती रडली नाही, चिडलीही नाही. एवढंच म्हणाली,

"थांबून इचारलं असतं, तर मी दाखवला असता की कागद."