दोन रत्नप्रभा

पेणच्या खाडीकाठच्या त्या आगरी वस्तीत जनीसारखं मीठ ओढणारी दुसरी बाई नव्हती. निडीहून लग्न होऊन आली तेव्हा तिनं मिठागर पाहिलंसुद्धा नव्हतं, पण वर्षभरात ती सासूच्या, कृष्णाबाईच्याही पुढं गेली. नवरा रघू आगबोटीवर कोळसा टाकायला. बोटीचं नाव ‘रत्नप्रभा’. बोटीच्या मालक शेटजीला आपल्या आईचं भारी कौतुक, म्हणून दुसरी बोट घेतली तर तिलाही आईचंच नाव. घ्या! मेल्याला दुसरं नाव सुचलं असतं, तर एका बाईचा जन्म वाचला असता.

स्वातंत्र्यानंतरचं चौथं-पाचवं वर्ष. कार्तिकातल्या वादळात ‘रत्नप्रभा’ बुडाल्याची बातमी आली. प्रेत मिळालं नाही, म्हणून रीतीप्रमाणं पळसाच्या पानांचा रघू करून गावानं जाळला. जनीच्या बांगड्या फोडल्या. गाव तेरावं जेवलं आणि त्यानंतर चौथ्या दिवशी रघूचं पत्र आलं, कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं. बुडाली ती जुनी. मी नवीवर, काठेवाडच्या फेरीला आहे. आगोटीला, पाऊस लागून बोटी बंद झाल्या की येतो.

रघूच्या धाकट्या भावानं, कमळाकरनं, ते आईला वाचून दाखवलं. कृष्णाबाईनं पत्र चुलीत सारलं. मिठाचा हंगाम तोंडावर, आणि विधवा सून कधीही माहेरची वाट धरणार. “तुझ्याशीच पाट लावू तिचा,” ती म्हणाली, “हात घरात रायतील.” कमळाकरचं काय, सुंठीवाचून खोकला गेला! बायको मिळाली, भावाच्या वाट्याचं आगरही मिळालं. पाटाला बसताना जनी ढसाढसा रडत होती आणि सासू पदरानं तिचे डोळे पुसत होती. असली माया वैऱ्याच्याही वाट्याला न येवो.

ज्येष्ठात रघू दारात उभा. जनीला पाचवा महिना.

“पत्र धाडलं व्हतं ना मी?” तो ओरडला.

“आलं व्हतं,” कृष्णाबाई शांतपणे म्हणाली. “तू बोटीवरचा. आज हायस, उद्या नाय. आगर कोन राखनार?”

पत्राचं जनी आज पहिल्यांदाच ऐकत होती. तिनं आत जाऊन लुगडं गाठोड्यात बांधलं आणि बाहेर आली. “चला,” रघूला म्हणाली, “मी बी येनार.”

कमळाकरनं अडवलं नाही. बांधावरून दोघं पेणच्या वाटेला लागली. मोटारस्टँडवर आली. रघू तरी कुठला धुतल्या तांदळाचा! गाडी लागली तसं त्यानं तिच्या पोटाकडं बोट केलं.

“ह्ये घेऊन नाय, जने. ह्ये त्याचं. मोकळी हो, पोर त्याच्या दारात टाक, मंग ये.”

“माझा काय गुन्हा हो? मला कुनी सांगितलंच नाय!”

“ते ठाव हाय मला,” रघू म्हणाला आणि गाडीत चढला.

दिवेलागणीला जनी परत आली. कृष्णाबाईनं मान वर केली नाही. भाकरी कधी टाकतेस, एवढंच कमळाकरनं विचारलं. जनीनं परातीत पीठ घेतलं.