बाजूच्या सीटवरचं ‘आता’

पन्नाशीत मला स्पोर्ट्‌स कारचं खूळ लागलं. शोरूममध्ये दोन सारख्याच लाल गाड्या होत्या, एक गिअरची, दुसरी ऑटोमॅटिक. मन गिअरकडे ओढायचं, दुखरा डावा गुडघा ऑटोमॅटिकचं नाव घ्यायचा. आठवडाभर रोज सकाळी ठरवायचो आणि संध्याकाळी मोडायचो.

शेवटी दोन्ही चालवून पाहायला गेलो. सोबत शोरूमचा एक माणूस बसला. साठीचा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. पूर्वी नंदनवन वस्तीत लोकांना गाडी शिकवायचा, एवढंच त्याने सांगितलं. आधी गिअरची गाडी काढली. इंजिनाचा आवाज चढला की तो समोर बघत हळूच म्हणायचा, "आता." त्याचा डावा पाय रिकाम्या जागेवर क्लच दाबायचा आणि मी गिअर बदलायचो. एकदाही त्याचं चुकलं नाही.

मग ऑटोमॅटिक काढली. सक्करदरा तलावाजवळ त्याने "आ..." म्हटलं, तेवढ्यात गाडीने गिअर बदलूनही टाकला. पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा त्याने ओठ मिटून घेतले, पाय मात्र हलतच राहिला.

"काय झालं? गप्प का?" मी विचारलं.

"साहेब, हे गाडी मले बोलूच नाही देऊन राहिली."

मी गुडघ्याचं ऐकलं, ऑटोमॅटिकच घेतली. गाडी झकास आहे. पण सिग्नल सुटून आवाज चढायला लागला की माझ्याही तोंडून "आता" निघतं, आणि दर वेळी मला उशीर झालेला असतो.