हवेचा नाय, काचेचा

समोरच्याच्या नाकावरचा चष्मा न विचारता काढून घ्यायचा, खिशातल्या मऊ फडक्यानं पुसायचा, परत चढवायचा आणि मग म्हणायचं, "हां, अब बोलो साहेब." चाचांच्या या सवयीतून आमचे प्राचार्यही सुटले नाहीत. रागावून आलेला माणूस तेवढ्या मिनिटभरात कशाला आलो होतो तेच विसरायचा. तुमच्याही ओळखीत असं कुणीतरी असेल. मला मात्र चाचांचा भयंकर हेवा वाटायचा, आणि तो मी कुणाला कळू दिला नाही.

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात एक काचेचं इंजिन होतं. म्हणजे सिलिंडर काचेचा, बाकी सगळं नेहमीसारखं. आत शिरणारी हवा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिच्यात तेलाचे अगदी बारीक थेंब सोडायचे, त्यावर लेझरचा पातळ पडदा टाकायचा आणि कॅमेऱ्यानं पाठोपाठ दोन फोटो घ्यायचे. थेंब किती सरकले त्यावरून हवा कशी आणि किती वेगानं फिरते ते मोजायचं. प्रयोगशाळा माझी, पीएचडी माझी. चाचा हंगामी कामगार. सारखी तेलकट होणारी काच पुसणं एवढंच त्यांचं काम. त्याआधी ते उस्मानपुऱ्यातल्या एका दुकानात चष्म्याची भिंगं घासायचे. तयार भिंगं येऊ लागली आणि ते काम सुटलं.

ती दुष्काळाची वर्षं. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणत. कॉलेजला टँकर यायचा आणि त्या पाण्याचे काचेवर पांढरे डाग पडायचे. मी डिस्टिल्ड वॉटरसाठी ऑफिसला अर्जावर अर्ज करत बसलो. चाचांनी खिडकीबाहेर एसीच्या नळीखाली बादली ठेवली.

"बघा साहेब, एकदम साफ पानी. डागच नाय पडत."

कॉलेजभोवतीच्या शेतांत प्लॉट पडत होते. दिवसभर जेसीबीची धूळ आत यायची. त्याच बादलीतल्या पाण्यात भिजवलेलं पोतं चाचांनी दारावर टांगलं. मी कॅलिब्रेशनवर तासभर बोलायचो आणि विद्यार्थी नंतर चाचांच्या डब्यातलं खात त्यांनाच शंका विचारायचे. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एका वर्षी माझ्या चित्रांत सिलिंडरच्या कडेला एक छोटा भोवरा दिसला. तिथं तो कुणीच पाहिला नव्हता. आठ महिने मी त्याच्या मागे होतो. परिषदेसाठी निबंध लिहून तयार झाला. फडकं हातात घेऊन चाचा स्क्रीनपाशी वाकले.

"साहेब, हा हवेचा नाय. काचेचा हाय."

"म्हणजे?"

"काचेत लहर हाय. भिंगात असली म्हंजी सरळ रेघ वाकडी दिसती. काच जरा फिरवून बसवा, भोवरा बी फिरंल."

मी हसून त्यांना चहाला पिटाळलं. मग दार लावून घेतलं आणि काच फिरवून बसवली. काचेबरोबर भोवराही सरकला.

परिषदेत मी निबंध वाचला, पण विषय बदलून. काचेतला दोष कसा ओळखावा, असा. स्वतःची चूक स्वतःच पकडणारा प्रामाणिक संशोधक म्हणून माझं कौतुक झालं. चाचांचं नाव आभारातही नव्हतं. परत आलो तर ते दारातच उभे. "शाबास साहेब! पेढे कुठंयत?" त्यांना खरंच आनंद झाला होता. असा आनंद मला दुसऱ्यासाठी कधी झाला नव्हता, आणि त्याचाही मला हेवा वाटला.

पुढं वाळूजच्या एका कारखान्यात अशीच प्रयोगशाळा उभी राहणार होती. तिथं माणूस हवा होता, कायमच्या नोकरीवर.

"एक चिठ्ठी लिव्हून द्या ना साहेब, इंग्लिशमंदी. तुमचा शब्द चालंल तिथं."

या माणसाला माझ्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त दिसतं, एवढं एक वाक्य पुरलं असतं. मी लिहिलं, 'काच पुसण्याचे काम समाधानकारक. तांत्रिक ज्ञान नाही.' चाचांना उर्दू वाचता यायचं, मराठी अडखळत, इंग्रजी मुळीच नाही.

"काय लिव्हलंय साहेब?"

"चांगलं लिहिलंय, चाचा."

त्यांनी कागद डोळ्यांना लावला आणि खिशात ठेवला. ती नोकरी त्यांना मिळाली नाही. महिनाभरानं ते माझ्याकडचं कामही सोडून सिल्लोडला, आपल्या गावी गेले. तिथं त्यांनी चष्म्याचं छोटं दुकान टाकल्याचं पुढं कानावर आलं.

पाच-सहा वर्षांनी पाहुण्यांना अजिंठ्याला नेताना सिल्लोडला चहासाठी थांबलो. विचारत विचारत त्यांचं चष्म्याचं दुकान गाठलं. आत त्यांची मुलगी बसली होती. अब्बा मागच्या रमजानात गेले, म्हणाली. तिच्या मागं भिंतीवर माझं पत्र फ्रेम करून लावलेलं होतं. खालची सही मी लांबूनच ओळखली. मी माझं नाव सांगितलं तशी ती उठून उभी राहिली.

"तुम्हीच व्हय ते साहेब? अब्बा येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवायचे. माझ्या साहेबानं लिव्हून दिलंय म्हणायचे."

तिच्या टेबलावर इंग्रजी माध्यमाचं बी.एस्सी.चं पुस्तक उघडं होतं. मी त्याच्याकडे बघतोय हे तिच्या लक्षात आलं.

"फ्रेम करायच्या आधी अब्बांनी मला वाचायला लावलं व्हतं," ती म्हणाली.

"मग?"

"मी सांगितलं, लई चांगलं लिव्हलंय."