चिंचोटी फाट्यावरची पांढरी व्हॅन

"रस्ता आत्ताच्या आत्ता मोकळा करा. मंत्र्यांचा ताफा निघालाय!" वायरलेसवर एसपी साहेब कडाडले.

मी चिंचोटी फाट्यावर हायवेच्या मधोमध उभा होतो. नव्वदीच्या दशकातला पावसाळी रविवार. समोर मुंबईकडे निघालेल्या गाड्यांची मारुतीच्या शेपटासारखी रांग आणि प्रत्येक गाडीतून शिव्या. पुढे मी एका मोठ्या शहराचा पोलीस आयुक्त झालो, पण तेव्हा वसईत एएसपी होतो. पहिलंच पोस्टिंग. अंगात रग भरपूर, अनुभव शून्य.

दुपारी वालीवमधल्या एका वर्कशॉपच्या मालकाला, इनास डिमेलोंना, चौघांनी पांढऱ्या व्हॅनमध्ये कोंबून पळवलं होतं. त्यांची बायको फिलोमिना पोलीस स्टेशनात येऊन एकच सांगत होती, "साहेब, त्यांना दमा आहे ओ. पंप टेबलावरच राहिला." तो पंप तिने माझ्या हातात दिला. तोंड बांधलं असेल, तर दमेकरी किती वेळ तग धरणार? माझा जीव टांगणीला लागला होता.

म्हणून नाकाबंदी लावली. नाकाबंदी म्हणजे बॅरिकेड आडवे टाकून गाडी-गाडीत डोकावणं. पण त्या दिवशी अर्धी मुंबई चिंचोटीच्या धबधब्यावर भिजायला आलेली आणि पांढऱ्या व्हॅन पैशाला पासरी. त्यात सगळ्यांनी ओले टॉवेल खिडक्यांत अडकवून वाळत घातलेले. आतलं काही दिसेना.

"सर, थोडा वेळ द्या," मी म्हणालो.

"कारणं नकोत. ताफा अडकला तर बघून घेईन."

शेजारचे इन्स्पेक्टर सावंत पुटपुटले, "नाकाबंदी उठवूया सर. उगाच अंगाशी येईल."

"एकच लेन सोडा. गाड्या हळूहळू जाऊ द्या, पण बघत राहा."

तेवढ्यात एक व्हॅन आली. खिडक्यांतून टॉवेल निथळत होते. ड्रायव्हर हसला, "पिकनिक, साहेब! धबधब्यावर फुल मजा केली!"

जा म्हणून मी हात हलवणार, तोच त्याच्या डोक्याकडे लक्ष गेलं. तेल लावून चापून बसवलेला भांग. शेजारच्याच्या पँटला कडक इस्त्री. बुटांना चिखलाचा ठिपका नाही. धबधब्याच्या पायवाटेवर पाण्यात न उतरणाराही गुडघ्यापर्यंत माखून येतो. इथे टॉवेल चिंब आणि माणसं ठणठणीत कोरडी!

मी ओरडलो, "सावंत, किल्ली!"

सावंतांनी खिडकीतून हात घालून किल्ली खेचली. मागचं दार उघडून दोघं पळाले. मघापासून आम्हाला शिव्या घालणाऱ्या पिकनिकवाल्यांनीच त्यांना धरलं आणि धरल्यावर सोडलं नाही.

डिमेलो सीटखाली होते. ओठ निळे पडलेले. तोंडावरची पट्टी काढून मी पंप लावला. एकदा. पुन्हा एकदा. छाती हलली. भर हायवेवर नाचावंसं वाटलं मला!

वायरलेस खरखरला. "रस्ता मोकळा झाला का?"

"नाही सर. माणूस सापडला."

"जिवंत?"

"जिवंत."

"मग थांबा तिथेच. ताफ्याचं मी बघतो."

दुसऱ्या दिवशी ताफा रखडल्याबद्दल मेमो, म्हणजे लेखी जाब, आलाच. खाली सही एसपी साहेबांचीच. आयुक्त झाल्यावर मीही असे पुष्कळ मेमो काढले. फक्त सही करण्याआधी विचारून घ्यायचो, माणूस सापडला का?