गाठीम्होरं गाठ

फोन आला तवा मी पोरीला अंघूळ घालत व्हते. ह्यांनी दारातनंच सांगितलं, "दादा गेला गं... साताऱ्यात, खोलीवर, झोपेतच." पोरीच्या अंगावर साबण तसाच, मी हातात तांब्या धरून बसले, आणि पहिलं मनात आलं ते हेच, की ह्या माणसाशी मी कवा एक शब्द बोलले न्हाई. आता म्हैना उलटला, जरा नीट आठवतंय म्हून लिवतीया. शाळा माझी आठवीपत्तुरच, समजून घ्या.

दादा म्हंजी माझं थोरलं दीर. आमच्या पलूसकडच्या घरात धाकट्याची बायको थोरल्या दिराशी बोलत न्हाई, ते आलं की पदर घिऊन बाजूला व्हायचं. ते साताऱ्यात बारक्या बाळांना ऊब देणाऱ्या गाद्यांच्या कारखान्यात व्हतं. गादी बनवायच्या आधी कम्प्युटरवर तिची ऊब तपासायची, हे त्यांचं काम.

माझी पोर दिवस भरायच्या आधीच झाली, मूठभर. घरी सोडताना नर्सबाईनी सांगितलं, उघड्या छातीवर धरा. पण घरात माणसांची येजा, सासूबाई म्होरं, मला लाज वाटायची, आणि भ्या बी, एवढीशी ती, मोडली बिडली तर? मग मी तिला दुपट्यात, वरनं शालीत गुंडाळून झंपरावरनंच धरायची. पाय गारच. रडायची बी न्हाई धड. मी घडीघडी तिच्या नाकाम्होरं बोट धरायची, श्वास चालतोय का बघायला...

तवाच दादा रजंवर आलं. सोप्यात पोरीचं पाय हातात धरून बघितलं, माझ्याकडं मान वळवली न्हाई, आणि सासूबाईना हाक मारली, "आये, हिकडं ये, माझं काम बघ."

"मला काय कळतंय त्यातलं? लगीन करायचं सोडून तुला त्यातच बायको दिसती व्हय?"

दादा हसलं. लॅपटॉपवर चित्र व्हतं, खाली गरम पत्रा, वर गादी, दोन्हीवर रेघांची जाळी काढल्याली, रेघा जितं मिळत्यात तितं गाठ. पत्र्याची जाळी बारीक, गादीची मोठी. पत्रा लालभडक आणि गादी निळी, मधी कुठंतरी हिरवं ठिपकं.

"चिकटून तर हायती की दोनी," सासूबाई म्हणल्या.

"दिसायला गं. खालच्या गाठीम्होरं वरची गाठ आली न्हाई, म्हून हिशोबात ऊब वर चढंना."

मग त्यांनी गादीच्या खालच्या अंगाला पत्र्यासारखीच जाळी बसवली, गाठीम्होरं गाठ, आणि त्या एकमेकीला जोडल्या. जरा येळानं लाल रंग गादीत चढला, सगळीकडं सारखा. मी चौकटीआडनं बघत व्हते.

"आये," दादा उगंच मोठ्यानं म्हणलं, "अंगाला अंग लागलं तरच ऊब जाती. मधी काय ठिवलं की तितंच अडती." लॅपटॉप उचलून ते बाहेर कट्ट्यावर गेलं, आणि येणाऱ्या बाप्यांना म्हणलं, "आत नगा जाऊ रं, हितंच बसा."

सासूबाई माझ्याकडं बघत राहिल्या. मग उठून दार लोटलं.

"काढ ती शाल. झंपर बी."

पोर छातीला लागली, गार, ओल्या पानासारखी. मी हालले बी न्हाई. लय येळानं तिचं पाय कोमट लागलं, आणि ती रडली, चांगली मोठ्यानं. बाहेर दादांचं बोलणं एकदम थांबलं...

परवा आमच्या गल्लीतल्या एका सूनबाईला तसंच अपुऱ्या दिवसाचं लेकरू झालं. बघायला गेले तर तिनं बी गुंडाळून धरल्यालं. मी दार लावलं आणि तिला सरळ सांगितलं, मधी कापड ठिऊ नगंस.

"हे तुला कुणी सांगितलं गं?" तिच्या सासूनं विचारलं.

"आमच्या दादांनी," मी म्हणलं.