पोकळी मिस्त्री

आमचे मिस्त्री नवी भिंत हाताने चाचपून पाहत नसत. चार भिंतींच्या मधोमध उभे राहत, डोळे मिटत आणि एकदा खाकरत. आवाज कसा परत येतो त्यावरून खोली जमली की नाही ते सांगत. "दगड मालकाचा, चुना मालकाचा. आपण बांधतो ती मधली पोकळी," असे त्यांचे म्हणणे. म्हणून जुन्नरात त्यांना पोकळी मिस्त्री म्हणत. त्यांना त्याचा राग नव्हता.

बेल्ह्याला पाटलांची ओसरी चालू होती, तेव्हा तिथले शास्त्रीबुवा रोज येऊन बसत. एकदा म्हणाले, "मिस्त्री, घड्यातलं आकाश आणि बाहेरचं आकाश एकच. घडा फुटला की भेद संपला. मग तुम्ही नवीन काय बांधता?"

"एकच असंल, बुवा. पर तुमी रोज सावलीतल्याच आकाशात का बसता?"

बुवा हसले, पण जागचे हलले नाहीत.

त्याच ओसरीवर माझी चूक झाली. मी घाटघरचा, तिसरीतून शाळा सोडलेला. लाकूड आणायचे काम माझ्याकडे होते. ओसरी सहा खणांची, म्हणून मी सहा खांब आणले. खण म्हणजे दोन खांबांमधली जागा. सहा जागांना सात खांब लागतात, हे गाडी रिकामी केल्यावर ध्यानात आले. पावसाळ्याआधी दुसरे लाकूड मिळणार नव्हते. आता आपल्याला कामावरून काढणार, अशी धास्ती वाटली. शेवटी मीच जाऊन सांगितले.

"लाकूड मोजलंस, जागा मोजली नाय," एवढेच मिस्त्री म्हणाले. मग त्यांनी पश्चिमेच्या टोकाला भिंत उचलली आणि शेवटची तुळई तिच्यावर टेकवली. पाटील आले ते बोटाने मोजतच.

"खांब सहाच व्हय, मिस्त्री?"

"पाटील, तुमी बसणार खांबावर का खणात? खण मोजा."

पाटलांनी मोजले. सहा भरले. "आन वारं बी अडलं की," ते म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला.

पुढे मिस्त्रींच्या भाच्याचे कराचीत बांधकाम निघाले आणि त्याला माणूस हवा होता. मिस्त्रींना लिहिता येत नव्हते. माझी शिफारस त्यांनी मलाच लिहायला बसवले. "लिही, हा माणूस चुकला तर आपणहून सांगतो. ठेवून घे." मी भीतभीत 'सहसा चुकत नाही' असे पदरचे घातले. मग त्यांनी चिठ्ठी वाचायला लावली.

"ते खोड. चुकतोस तू."

"कागद वाईट दिसंल, मिस्त्री."

"दिसू दे."

मिस्त्री गेल्याचे पत्र परवा इथे कराचीत आले. ती चिठ्ठी घेऊन मी भाच्याकडे आलो, तो पहिला दिवस मला आठवला. भाच्याने चिठ्ठीतली खोडलेली ओळ आधी वाचली आणि तो हसू लागला.

"मामूचीच चिठ्ठी हाय," तो म्हणाला. "उद्या सकाळी ये."