नानांकडे ठेवलेलं पाकीट

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. बाजारचा दिवस होता, ओपीडीत पाय ठेवायला जागा नव्हती आणि तिसगावकडचे एक नाना माझ्यासमोर येऊन बसले.

मी पाथर्डी तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात समुपदेशक आहे. लोकांची तंबाखू, विडी, सिगारेट सोडवणं हे माझं काम. आणि मी स्वतः सिगारेट ओढतो... लिहून टाकलं एकदाचं.

नानांचं हर्नियाचं ऑपरेशन करायचं होतं. पण खोकला एवढा, की सर्जन मॅडमनी स्पष्टच सांगितलं, आधी चार आठवडे विडी बंद, मगच तारीख. इकडे नानांना कांदा लावणीच्या आत मोकळं व्हायचं होतं, कारण दुखणं आता बसू देत नव्हतं की उभं राहू देत नव्हतं.

मी फॉर्म काढला. किती वर्षं ओढता, सकाळी उठल्यावर पहिली कधी... नाना सरळ उत्तरं देत होते. मग विचारलं, दिवसाला किती?

"तुमच्याइतक्याच," नाना म्हणाले. "चार खेपा झाल्या, बघतोय न्हवं. टपरीच्या त्या अंगाला तुमी, या अंगाला मी."

मी टपरीमागच्या पाण्याच्या टाकीआड उभा राहतो, येताना हात धुतो, बडीशेप चघळतो... आणि समजतो की कुणाला कळत नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात, ते मीच.

पण नाना चिडलेले नव्हते. त्यांना खरंच नवल वाटत होतं. त्यांनी भिंतीवरच्या काळ्या फुप्फुसाच्या पोस्टरकडे बोट केलं आणि विचारलं, "आमाला कुनी सांगितलं न्हाई. तुमाला तर सगळं ठावं हाय. मग कसं काय?"

माहीत असूनही सुटत नाही, असं मी सांगितलं, तर नानांनी खिशातून विडीचं बंडल काढून माझ्या टेबलावर ठेवलं आणि माझं पाकीट मागितलं. ज्याला तलफ येईल त्यानं दुसऱ्याकडे मागायला जायचं, असा करार. पाकिटात सात सिगारेटी होत्या... दिल्या.

नानांचा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. दुपारी टाकीआड मी एकेकाला विचारत सुटलो. एका डॉक्टरांना इंटर्नशिपच्या ड्युट्यांनी सवय लावली होती. ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर म्हणाले, अपघाताचा पेशंट सोडून आलं की हात थरथरतात. लॅबवाला म्हणाला, सगळे येतात म्हणून मी येतो. "माहीत नव्हतं" असं मात्र एकानेही सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी नवीन पाकीट घेतलं.

दर आठवड्याला नानांना फोन करणं माझी ड्युटीच होती. मी काही विचारायच्या आत तेच विचारायचे, तुमचं कसं चाललंय? मी म्हणायचो, बंद आहे. चारही वेळा खोटं बोललो.

चार आठवड्यांनी नाना आले. मॅडमनी छाती तपासली, तारीख दिली, ऑपरेशन छान झालं. डिस्चार्जच्या दिवशी ते हळूहळू चालत माझ्या खोलीत आले आणि कॅरीबॅगेत गुंडाळलेलं माझं पाकीट टेबलावर ठेवलं. सातच्या सात सिगारेटी.

माझ्या ड्रॉवरमध्ये त्यांचं बंडल तसंच होतं. त्यांना वाटलं, मीही जिंकलो. तेवढं मात्र मला सहन झालं नाही. सगळं सांगून टाकलं, फोनवरचं खोटंसुद्धा.

नानांनी ते पाकीट उचलून पुन्हा खिशात ठेवलं.

"माझं बंडल टाका फेकून," म्हणाले. "ह्ये ऱ्हाऊ द्या माझ्याकडं अजून."

आता फोन तिकडून येतो. काल आला होता. लावण सुरू झालीय, वजन उचलायला बंदी म्हणून बांधावर बसून नुसते हुकूम सोडतोय, म्हणाले. मग माझ्याच फॉर्ममधला प्रश्न मला विचारला... दिवसाला किती?

रविवारी एक ओढली, त्यानंतर नाही, असं मी सांगितलं. नाना बरं म्हणाले, पुढच्या आठवड्यात परत फोन करतो म्हणाले. इतक्या वर्षांत त्या प्रश्नाचं खरं उत्तर मी पहिल्यांदाच कुणाला तरी दिलं होतं, आणि फोन ठेवल्यावर मला फार हलकं वाटलं.